मूठ

टासाल्लाचं हे दहावं बाळंतपण.
सगळे म्हणाले, हिला कसली भीती,
मळलेली वाट,
शिंकेसरशी मोकळी होईल.

झालीही तशीच.
पहाटे बाजरी कांडता कांडता थांबली,
मुसळ भिंतीला टेकवलं, नीट,
पोरांच्या अंगावर पडणार नाही असं,
आणि चालत आली दवाखान्यात.
मी हातमोजे चढवेस्तोवर पोर बाहेर.
मुलगी. रडली. वारही पडली, अख्खी.
दारातून सासू म्हणाली, सांगितलं नव्हतं?

मी पोटावर हात ठेवला.
बेंबीखाली लागायला हवा होता गोळा,
गोरखचिंचेच्या फळासारखा टणक.
बोटं रुतत गेली, भिजल्या कणकेत रुतावीत तशी.
नऊ वेळा ताणलं, नऊ वेळा आवळलं,
दहाव्यांदा पीळच धरेना.

चटईवर रक्त.
आवाज नाही त्याला.

इंजेक्शन होतं. फ्रिजही होता.
फ्रिज उन्हावर चालतो, आणि चार दिवस
हरमट्टनची धूळ सूर्य झाकून बसलेली.
दिलं तसंच, कोमट.

मग एक मूठ आत, दुसरा तळवा वरून,
मध्ये तिचं गर्भाशय,
आणि झिंदेरचा रस्ता, छप्पन्न किलोमीटर.
माहामान गाडी हाकत, मागे न बघता:
आलोच, बाई, आलोच.

तिला बोलतं ठेवायचं होतं.
मुलांची नावं सांग, म्हटलं.
लावाली. रकिया.
हसन आणि हुसैना, जुळी.
जुळ्यांच्या पाठचा गाम्बो.
मग एक,
सातव्या दिवसाआधीच गेला, नाव ठेवायचं राहिलं.
तो धरायचा का?
धर, म्हटलं. पोटानं धरलाय.
मग तान्को. तान्को दोनदा म्हणाली.
मग म्हणाली, शेळी बांधायची राहिली.
मग काही म्हणाली नाही,
आणि मी मूठ आणखी आवळली.

रक्ताच्या तीन पिशव्या. एक माहामानची.
वाचली.

दुसऱ्या दिवशी वहीत नोंद करायला बसले
तर उजवी मूठ उघडेना.
बोटं एकेक करून सोडवली, पुन्हा मिटली.
जे तिच्या पोटाला जमलं नाही
ते माझा हात शिकून बसला होता.

बाकावर नवी बाई, पोट उंच,
मांडीवर एक, पदराशी एक.
कितवं?
आठवं, हसून म्हणाली. मला कधी त्रास नाही होत.

मी पेन डाव्या हातात घेतलं.
म्हटलं, घर किती लांब आहे तुझं?