सावेलीचे तळहात

तार्तूच्या इस्पितळात, टेबलावर
पत्त्यांच्या चार गड्ड्या.
सावेलीच्या दोन बोटांना तारा गुंडाळल्या,
घाम मोजायला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओढा, कुठलंही.

डावीकडच्या दोन भरघोस देतात
आणि मग एकदम खरवडून नेतात.
उजवीकडच्या देतात चिमूट, नेतातही चिमूटच.
हे आधी कुणी सांगत नाही.

त्याच्याआधी मी बसले होते, गंमत म्हणून.
दहाव्या पत्त्याला, हात डावीकडे वळताच
बोटं ओलावली.
मला काहीच कळलं नव्हतं अजून.
पडद्यावरची रेघ तेवढी उठून बसली,
दार वाजण्याआधी कुत्रं उठतं तशी.

सावेलीची रेघ निजलेली.
पन्नासाव्या पत्त्याला तोच म्हणाला,
"डावीकडच्या बुडवतात, उस्तिन्या."
अगदी बरोबर बोलला.
आणि हात डावीकडे गेला.

कपाळामागची लिंबाएवढी गाठ काढली, त्याला सहा महिने झाले.
बेरीज येते, प्रार्थना येते,
कांद्याचा भाव येतो,
माझ्या आईचं माहेरचं आडनावसुद्धा.
फक्त पोटात गोळा येत नाही.

मार्च. पेइप्सी सरोवराचा बर्फ
मध्ये पांढरा, कडेला चहाच्या रंगाचा.
घरीच जोडलेल्या जाड टायरांच्या गाडीत
तो जाळी टाकतो.
"आज चार बोटं आहे," म्हणतो.
"एवढ्यावरच फेदोत गेला होता. खाली."
आज वार कोणता, हे सांगावं तसं.
आणि किल्ली फिरवतो.

हाच माणूस बर्फ नुसता करकरला
तरी माघारी यायचा, रिकाम्या बादल्या घेऊन.
मी पातेली आपटायचे.
शेजारणींसमोर त्याला ससा म्हणायचे.
तेव्हा ठाऊक नव्हतं
की आमच्या घरात जिवंत राहायचं काम
तो ससा करत होता.

मी खिडकीतून आत हात घालते, त्याचा हात धरते.
कोरडा. उबदार. झोपलेल्या मुलासारखा.
माझा निथळतोय.
तो तळहात उलटा करून बघतो,
पँटला पुसत नाही.
"ओला आहे तुझा."
"हो," मी म्हणते, "दोघांचा आहे."

तो सरोवराकडे बघतो, मग हाताकडे.
मोजत असावा काहीतरी.
इंजिन चालूच आहे.