अठ्ठावीस दिवस

साडेपाचला लॅबचं शटर खाली.
हातावर सिमेंटची भुकटी, नखांत साच्याचं तेल,
आणि उद्यमनगरातून कॉलेजला जाताना
सिग्नलवर पाठ करायचं,
वाकत्या तुळईत ताण कुठं, दाब कुठं.
मागून टेंपोवाला, "अक्का, हिरवा झाला की!"

सहा ते नऊ, खोली क्रमांक चौदा.
दिवसाच्या पोरांनी बाकावर कंपासनं कोरलेले बदाम
आणि त्यांवर आमची दमलेली कोपरं.
झेडपीच्या पाणीपुरवठ्यातले तेरदाळे, पन्नाशीला दोन कमी,
शाहीन शिकलगार, जिच्या डब्यात रोज दोन चपात्या जास्त असतात,
आणि माझ्या बाकावर जिनेंद्र मगदूम,
ठेकेदाराचा माणूस, बुटाला कायम ओला चिखल.

ऐनापुरे सर फळ्यावर तुळई काढतात,
एक टोक बिजागरीवर, एक रोलरवर.
"दोन्ही टोकं घट्ट धरली, तर उन्हात ही जाईल कुठं?"
तेरदाळे झोपेतच म्हणतात, "ऑफिसात."

घरी मी 'आलो' म्हणते, 'जेवलो' म्हणते,
आमच्यात बायका असंच बोलतात.
पहिल्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक हसले,
तेव्हापासून कॉलेजच्या फाटकाशी
गाडी स्टँडला लावते
आणि क्रियापद बदलते.

सोमवारी तीन घन टाकीतून काढले,
शिंगणापूर रस्त्यावरच्या मोरीचे.
पंचवीसचा माल, अठ्ठावीस दिवस पाण्यात.
काँक्रीट पाण्यात काय शिकतं ते मला ठाऊक आहे,
आधी भरभर, मग हळू,
मग कुणी बघत नसताना.
काटा चढला. दोनशे. तीनशे.
तीनशे अठ्ठ्याहत्तरला घनानं बारीक आवाज केला,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.
भागाकाराला कॅल्क्युलेटर लागला नाही.
१६.८.
दुसरा त्याहून हलका. तिसरा तसाच.

रात्री वहीचं मागचं पान माझ्याकडं सरकलं.
"एकाचा दोन करायला किती शाई लागते?
बिल अडकलंय."

ह्याच जिनेंद्रनं, माझी मुलगी तापानं पडली होती तेव्हा,
तीन आठवड्यांची टिपणं उतरवून दिली होती,
आकृत्यांसकट, पट्टी धरून.

त्या मोरीवरून मी रोज जाते.
पंचगंगा फुगली की तिथला ओढा उलटा चढतो.
हंगामात उसाच्या ट्रॉल्या, एकीमागं एक जोडलेल्या,
आणि मधूनच शाळेची रिक्षा,
दप्तरं बाहेर लोंबणारी.
ट्रॉलीचं वजन मनात मांडलं.
गणित सुटत नव्हतं असं नाही.

"मी लिहिलोय ते लिहिलोय."

सरांचा खडू थांबला.
पंखा तेवढा फिरत राहिला.
शाहीननं मागून पाठीला बोट लावलं, बस्स, एवढंच.
माझं क्रियापद फाटक ओलांडून आत आलं होतं
आणि कुणी हसलं नाही.

जिनेंद्रनं पान फाडलं, घडी घातली, खिशात ठेवलं.
दुसऱ्या दिवसापासून तो तेरदाळ्यांशेजारी बसतो.

पंधरवड्यानं मोरीचा स्लॅब फोडताना दिसला.
सळया उघड्या, ब्रेकरची थरथर हँडलपर्यंत आली.
तो उन्हात उभा होता, डोक्यावर हेल्मेट उलटं.
मी गाडी हळू केली. त्यानं पाहिलं नाही,
किंवा पाहिलं असेल, धूळ होती.

मग एका सकाळी लॅबच्या पायरीवर नवे तीन घन.
ओल्या सिमेंटात खिळ्यानं तारीख कोरलेली,
ते अक्षर मला चांगलं ओळखीचं.
टाकीत सोडले, पाणी काठापर्यंत केलं.
संध्याकाळी मुद्दाम मोरीवरून गेले.
गोणपाटं ओली होती.

अजून एकवीस दिवस आहेत.
मध्ये हायड्रॉलिक्सचा पेपर.
अभ्यास त्याच्याच टिपणांवरून चाललाय.