साडेबारा आणे

गोरेगावच्या अलीकडे, नाल्याकाठी, उसन्याची गिरणी.
भट्टीत तूस जळतंय, ड्रायर रात्रभर धान खालीवर करतोय.
मांडीवर लॅपटॉप, आणि एक रकाना रिकामा:
कोरडं म्हणजे किती?

टेकचंद राहांगडाले दाढेखाली दाणा धरतात.
तुटत नाही, दबतो.
‘अजून नाई. आच जराशीक कमी कर.’
जराशीक म्हणजे?
‘थोडीशीपेक्षा कमी.’

मी शिकून आलेली: ओलं किंवा कोरडं,
शून्य किंवा एक.
त्यांच्या बोलण्यात आणे अजून चलनात आहेत.
धान बारा आणे वाळलेलं असतं
आणि त्याच घटकेला चार आणे ओलं,
आणि दोन्ही खरं.

मग तसंच लिहीत गेले.
धान दहा आणे ओलं, भट्टी चढती, तर तूस आवर.
धान तेवढंच ओलं, पण वारा पूर्वेचा, तर घाई नको.
असे एकवीस नियम,
एकही सोळा आणे नाही,
तरी गिरणी चालते,
गावाची सभा चालते तशी,
प्रत्येकजण थोडा थोडा चूक.

तीन सेन्सर बसवले. तिसरा, धुराड्याजवळचा,
काजळी बसली की सगळंच कोरडं सांगतो.
काढून टाकू?
‘कायले? खोटा नाई तो, थकते.
पुसल्यावर आठ आने धर, सांजेपर्यंत चार.’
मी त्याचं वजन तासागणिक उतरवत नेलं.
फडकं फिरलं की पुन्हा चढवलं.

पौषात एकदा, पहाटे तीनला,
तिन्ही सेन्सर म्हणाले, ओलं आहे.
काका म्हणाले, झालं.
मी काकांचं ऐकलं.

आठ दिवसांनी पोती उघडली. चाळीस.
आत उबट वास.
कोपरापर्यंत हात पोत्यात घालून
ते बराच वेळ तसेच उभे.
मग तोंड उघडून दाखवलं:
डावीकडच्या दोन दाढा दिवाळीतच गेलेल्या.
‘आता उजवीकडून चावतो. तिले अजून समजत नाई.
तुह्या त्या यादीत मलेई घाल.
बारा आने लिही.’

मी चौदा लिहिले.

चष्मा कपाळावरून खाली ओढून
त्यांनी पडद्यावर आपलं नाव शोधलं.
‘लबाड हायेस पोरी,’ म्हणाले,
आणि तुसाने माखलेल्या एका बोटाने,
कळ शोधत शोधत,
साडेबारा केले.