जिन्याखाली नाही

जागा मी आधीच ठरवून ठेवली होती.
जिन्याखाली, जुन्या कूलरच्या सांगाड्याशेजारी,
जिथं स्कूटी उभी राहते
आणि वाळ्याच्या ताट्या पावसाळाभर झोपून असतात.
फरशी पुसून घेतली. हिनं हळदीकुंकवाचं बोटही टेकवलं.

टेम्पोतून पेटी उतरली, मागोमाग ती:
सुगंधा निखारे, मानेवाड्याची,
खांद्याला मीटर, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला.
जिन्याखाली वाकून पाहिलं, सरळ झाली.
"इथं नाही लावत, काका."
का बरं?
"रात्री काही झालं तर तुम्ही उतरणार कुठून?"

मी वर पाहिलं. एकोणीस पायऱ्या.
बावीस वर्षं चढलो-उतरलो,
पळण्यासाठी कधी मोजल्या नव्हत्या.

झोपायची खोली? नाही.
स्वयंपाकघरामागं? "सिलिंडर दिसून राहिला ना तुम्हाला."
गच्चीवर टिनाखाली तर मे महिन्यात
पापड आपोआप भाजतो.
शेवटी मागच्या बोळीतली भिंत,
शेजाऱ्यांच्या घराची सावली
जिच्यावर दिवसभर पडलेली असते.
गुडघाभर उंच, चहूबाजूंनी हातभर मोकळी.
"श्वास घेऊ द्या तिला."
हिची चादरी वाळवायची तार
त्याच दिवशी निघाली.

आडनाव निखारे, आणि ठिणगीला एवढी भिते!
मी आपलं हसण्यावारी नेलं.
ती नट आवळत होती, पान्याला कान दिल्यासारखी;
टक् वाजलं की पेनानं खूण.
"ढिला जोड राहिला की तोच निखारा, काका.
दिसत नाही. आतल्या आत धरतो."

अंगठी, दोन बिलवर
डब्याच्या झाकणात काढून ठेवलेले.
पॅनलवर जाड ताडपत्री.
मी म्हटलं, बटण तर बंद आहे ना?
"बटण तुमचं. सूर्याला बटण नसतं."

मग खड्डा. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी.
"नवतपा लागला की भुई सुकते.
बादलीभर पाणी टाकत जा."
तुळशीला घालतो तसं?
"तुळशीच्या आधी."

ताक पिताना बोलली, ग्लासाकडे बघत:
बाप लाइनमन, कामठीकडे.
लाइन बंद करून खांबावर चढला होता.
कोणाच्या तरी घरचं जनरेटर
तारेतून उलटं आलं.
डाव्या हाताची तीन बोटं.
"नारळ फोडायला अजून मलाच हाक मारतो."
ग्लास विसळून तिनं पालथा घातला.

संध्याकाळी तिनं मेन स्विच खाली ओढला.
घर एकदा लवलं, आणि पंखा फिरतच राहिला.
आम्ही सगळे पंख्याकडे बघत टाळ्या पिटतोय,
ती मात्र बाहेर जाणाऱ्या तारेशी, मीटर लावून.
"शून्य. या, बघा."
मी बघितलं. हिला बोलावलं.
भाड्याच्या खोलीतल्या बोकडेलाही तिनं शून्य दाखवलं.

जाताना भिंतीवर कागद चिकटवला:
पेटी फुगली, वास आला, तर हात लावायचा नाही.
सगळ्यांनी बाहेर. मग फोन.
फोनवर आधी सांगायचं, लिथियम आहे.
खाली तिचा नंबर, खाडाखोड करून.

नवतप्याची सहावी रात्र. डीपी उडाली.
अख्खी गल्ली काळी, ओसरीवर खाटा, विंझणे.
आमच्याकडे एक दिवा, एक पंखा,
फ्रिजमध्ये हिचं इन्सुलिन.
बोकडे चार घरांचे मोबाइल घेऊन आला.
आकडा एकतीसवर. विसाच्या खाली न्यायचा नाही, म्हणाली होती.
पंखा बंद केला.

अडीचला खांबावर उजेड हलला.
मी एकोणीस पायऱ्या उतरून बोळीत गेलो.
पेटीच्या काचेत हिरवी अक्षरं: बाहेर, शून्य.
तरी चैन पडेना. गल्लीत येऊन
टॉर्च वर धरली.
हातमोज्यातली बोटं मोजता येईनात.

"ओ काका, डोळ्यावर काहून मारून राहिले!"

टॉर्च खाली घेतली.
उजेड पडला तो खड्ड्याच्या झाकणावर.
कोरडं ठक्क.
आज तुळशीलाच आधी घातलं होतं.