सात हजार चारशे वेढे

भोकरदन नाक्यावर माझं दुकान. मोटार रिवाइंडिंग.
पाणबुडी, मोनोब्लॉक, गिरणी, कुलर.
आणि एकदाच, बास गिटार.

केझिया उजगरे तेव्हा अकरावीत.
परभणीच्या मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून बावीसशेला घेतलेलं
ते काळं धूड गोणपाटात गुंडाळून
लुनावर आडवं टाकून आणलं तिनं.
म्हणाली, "काका, आवाज मेलाय. तार भरता का?"

पंपाची तार तिथं दोरखंड वाटावी
इतकी बारीक कॉइल.
घड्याळवाल्या रऊफचं भिंग आणलं.
दोनदा तुटली. दोनदा शून्यापासून.
सात हजार चारशे वेढे.
आकडा मागच्या झाकणाआड लाकडावर लिहिला, पेन्सिलनं,
मोटारीवर लिहितो तसाच,
पुढं कुणी उघडलं तर कळावं म्हणून.

सूर लावायला तिच्याकडं काहीच नव्हतं.
दुकानासमोरची डीपी चोवीस तास घुमायची,
चोवीस कसले, लाईट असेल तेवढे.
सगळ्यात बारीक तार ती त्या घुमण्याला मिळवायची,
मग बाकीच्या तिच्यावरून.
लोडशेडिंग सुरू झालं की
डोळे मिटून तोच सूर घशात धरून बसायची
माझ्या स्टुलावर, लाईट येईपर्यंत.
ती गायला लागली ती तिथं, असं मला वाटतं.
मला विचारलं कुणी नाही.

अजूनही तिचा बास केसभर चढा लागतो.
पेपरात लिहितात, ही तिची शैली.
शैली नाही हो, महावितरण आहे.

ती गेली, आणि मागं अफवा राहिल्या.
बास चर्चमधून चोरला म्हणे.
(चर्चमध्ये एक पेटी आहे. तिचाही भाता फाटलेला.)
ड्रमवाल्याबरोबर पळाली.
(ड्रमवाला इथंच आहे, बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला.)
सळईच्या कारखान्यातल्या बापानं भट्टीवरचे पैसे उचलले.
आणि सगळ्यात टिकली ती ही:
पोरगी काय वाजवते! आत मशीन असतं,
नाहीतर पडद्यामागं बाप्या.
जालन्याचाच कुणीतरी, वायरी कळणारा.

मोंढ्यात चहा पिताना एकानं विचारलं,
"तो तुम्हीच का ओ?"
मी बशी फुंकली.
हो म्हणालो नाही.
नाही, असंही म्हणालो नाही.
पैसे त्यानं दिले.
तीन वर्षं मी बशी फुंकत होतो.
ज्याच्या हातातून भजनात झांजा काढून घेतात, तो मी.

आता तिच्याकडं अकरा बास आहेत.
एक लाल, एक बिनपट्ट्यांचा,
एक कुठल्याशा हॉटेलात काचेमागं,
खाली पाटी: पहिला.
तो पहिला नाही.
पहिला गेल्या चैत्रात माझ्याकडं आला, ट्रान्सपोर्टनं,
पेटीत भुस्सा आणि एक चिठ्ठी:
"काका, खरखर करतोय. कॉइल बदलू नका."

झाकण उघडलं.
माझा आकडा होता तिथंच, पुसट.
त्याच्याखाली शाईनं, वेगवेगळ्या हातांनी:
लातूर गॅदरिंग. उघडून पाहिलं. मशीन नाही. सही.
नांदेड. मशीन नाही. सही.
उदगीर. सही. अंबाजोगाई, दोघांनी पाहिलं, दोन सह्या.
एकोणीसपर्यंत मोजल्या.
पुढं लाकूड संपलं होतं.

म्हणजे दर वेळी, गाण्याआधी,
स्क्रू ड्रायव्हर तीच पुढं करत असणार.
आणि मी इकडं साखर जास्त मागत होतो.

खरखर काय, एक टाका सुटलेला.
डाग दिला. झाकण लावायला जीव होईना.
पेन्सिल कानावर होती,
ती कानावरच राहिली.
बिलावर वीस रुपये लिहिले, खोडले.

मग बारीक तार छेडून पाहिली.
समोरची डीपी नवी आहे, जुनी दोनदा जळाली,
पण घुमते त्याच सुरात.
दोन्ही आवाज एकात एक गेले,
कुठला कुणाचा कळेना.

तेवढ्यात लाईट गेली. डीपी गप्प.
तार अजून चालू होती.