ढगांसाठी रकाना

कळ्याच्या शाखेतून निघालो तेव्हा फाइलवर होतं:
नाईकवाडी राजमा दस्तगीर,
सौरऊर्जेवर मिरची कांडप, मुदत कर्ज,
जागेची पाहणी बाकी.

वाडीत शिरायच्या आधीच शिंक आली.
पत्ता विचारावा लागला नाही.

अंगणात चार चटया,
चटयांवर संकेश्वरी, ब्याडगी, कडेला थोडी लवंगी,
देठं खुडत बसलेल्या पाच बायका
आणि डोळ्यांना रुमाल लावून मी.
“बसा की साहेब. पर वाऱ्याकडं तोंड करू नगा.”

विचारलं, सध्या डंक कशावर चालतो?
“लाइटीवर. म्हंजे असंल तवा.
मार्चात सगळ्या गावाची चटणी येती
आन् नेमकी तवाच दुपारची लाइट जाती.
येती रात्री अकराला.
रात्री अकराला मिरची कांडली तर
अख्खी गल्ली उठून खोकती ओ.”

पत्रा पाहिला. उतार दक्षिणेला, ठीक.
सावली: एक फणस.
तोडणार का, हे विचारणं माझं काम होतं.
तिनं फणसाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
“पॅनेलं गोठ्यावर बशीवतो.”
मी आधीची ओळ खोडली.

रकाना सात, तारण: डंक, मोटार, पॅनेल.
रकाना नऊ: उत्पन्न नियमित आहे काय?
“ऊन नियमित हाय,” ती म्हणाली,
“ढगांचं तुमी बगा.”

जूनपासून दसऱ्यापर्यंत बावड्याकडचा डोंगर दिसत नाही.
कपडे चुलीवर वाळतात, आगपेटी पिशवीत झोपते.
चार महिने पॅनेल नुसतीच भिजणार
आणि हप्ता दर दहा तारखेला,
चैत्रात जेवढा तेवढाच आषाढात.

परत येऊन मी संगणकात ढग भरायला गेलो.
रकाना नव्हता.
मासिक होतं, तिमाही होतं.
उसाला उसाचा हंगाम होता.
मिरचीच्या पुडीला काही नव्हतं.
मुख्यालयाला फोन लावला.
पलीकडून आवाज आला, काय मगदूम,
सूर्य काय तुमच्या बावड्यापुरता वेगळा उगवतो?
म्हटलं, साहेब, तोच उगवतो. पोचत नाही.

मग तीन पत्रं, एक स्मरणपत्र.
श्रावणात ते साहेब सांगलीला बदलून गेले,
नव्या साहेबांच्या आईचं माहेर बावड्याचं निघालं.
आठवड्यात शेरा आला, एका ओळीचा:
हप्ते फक्त डिसेंबर ते मे.
योजना कधी कधी आईच्या माहेरावरून पुढं सरकते,
हे कुठल्या परिपत्रकात नाही.

अनुदान अजून प्रक्रियेत आहे.
प्रक्रिया म्हंजे काय ओ, राजमानं मला दोनदा विचारलं.
दुसऱ्यांदा मी चहा मागितला.

पहिला हप्ता घेऊन ती स्वतः आली,
स्टीलच्या डब्यात, रोख.
डबा चटणीचाच, घाईत पुसलेला.
नोटा मोजायचं यंत्र अर्ध्यात थांबलं,
पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं.
कॅशियर उपाध्ये,
घरात कांदा-लसूण वर्ज्य असलेला,
पंधरा वर्षांत काउंटरवर कधी न हसलेला माणूस,
सलग सात वेळा शिंकला,
नोटा हातानं मोजल्या, डोळे पुसले,
मग लक्षात आलं, हात धुतलेच नव्हते.
राजमानं काउंटरवरून पाण्याची बाटली सरकवली.
“चोळू नगा,” म्हणाली. “जळतंय ते कमी हुतंय.”

पावतीवर अंगठ्याचा लाल ठसा आहे,
कार्यालयीन प्रतीवरही.
मार्चअखेर लेखापरीक्षक विचारतील, हे काय?
विचारू देत.
म्हणेन, आधी हुंगा.