कललेलं घर

बितोममधलं हे घर पश्चिमेकडे कललंय.
टेबलावर ठेवलेला कांदा
आपला आपण खिडकीशी जातो.
ट्रूडा त्याला अडवत नाही.
सुरी तिकडेच ठेवते.

खाली, सहाशे मीटरवर,
एवाल्डने एकतीस वर्षं जे उपसून वर पाठवलं
त्याची रिकामी जागा आता सावकाश वर येतेय
जिन्याच्या भिंतीतला तडा होऊन.
खाणीच्या माणसाने तड्यावर काचेची पट्टी चिकटवली होती.
घर हललं तर फुटेल, म्हणाला.
फुटली.
तो पुन्हा आला नाही.

ऑक्टोबरात फाटकाशी कोळसा ओतला जातो.
पूर्वी यायचा तो पेन्शनीतला, हक्काचा.
एवाल्ड एखादा तुकडा नखाने खरवडायचा,
जिभेलाही लावायचा कधी, कोणी बघत नसलं की,
आणि म्हणायचा, हा आमच्याच थरातला.
गर्दीत आपलं पोर ओळखावं, तसा.

आधी खाण मिटली, मग एवाल्ड.

यंदाच्या पावतीवर लिहिलंय : कोलंबिया.
ट्रूडा चष्मा पुसून पुन्हा वाचते.
"कोळशावर बसलेल्या गावाला
समुद्रापलीकडून कोळसा?"
ट्रकवाला खांदे उडवतो.
"पेटतो, बाई."

पेटतो. खोटं कशाला बोला.
पण भुगा फार, आणि धुराला
अनोळखी पाहुण्याच्या कोटासारखा वास.
फोनवर लेक म्हणते, हीट पंप बसव आई, अनुदान आहे.
ट्रूडा विचारते, भिंत पेलेल का गं त्याला?
पलीकडे एसेनमध्ये लेक गप्प होते.

काल चाळताना ढिगातून एक दगड निघाला,
फावड्याने दुभंगला : आत पान.
एवाल्डने जमवलेली पानं खिडकीत आहेत,
सगळी नेच्याची, कंगव्यासारखी.
हे तसलं नव्हे. रुंद, एकसंध,
मधली शीर ठसठशीत, टोकाशी
किड्याने कुरतडलेलं.

ट्रूडाने ते एप्रनला पुसलं.
कुठल्या झाडाचं, विचारणार कोणाला?
आणि ते झाड जिथे होतं
तिथे आता कोणाच्या टेबलावरून
काय घरंगळतंय?

नेच्यांच्या ओळीत तिने ते मांडलं.
घराच्या सवयीने ते सरकू लागलं,
म्हणून खाली घडी घातली
पावतीची.

मग भट्टीत दोन फावडी टाकली.
थंडी काही पत्ता विचारून येत नाही.